अक्काच्या पोटातला फुगा

हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या वॉर्डात तो एकोणतीस वर्षं नर्सचं काम करत होता आणि तिथे त्याला सगळे ब्रदर म्हणत. बाई असता तर सिस्टर झाला असता, पुरुष म्हणून ब्रदर. पेशंट म्हणत, नातेवाईक म्हणत, मोठे सर्जनही म्हणत. हळूहळू गल्लीतला दूधवालाही म्हणायला लागला. फक्त घरी त्याची मोठी बहीण, अक्का, तो दारात चपला काढताना मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आला सगळ्या जगाचा ब्रदर. माझा भाऊ कुठे राहिला कोण जाणे."

वॉर्डात त्याचा हात नावाजलेला होता. मांडीतून नळी घालून हृदयाची तपासणी झाली की ती नळी काढताना तिथली रक्तवाहिनी हाताने दाबून धरावी लागते, चांगली वीस मिनिटं. हात सैल पडला तर रक्ताची धार लागते, जास्त दाबला तर पाय गार पडतो. ब्रदर ते घड्याळाकडे न बघता करायचा. त्या वीस मिनिटांत त्याला जागचं हलता यायचं नाही आणि पेशंटलाही नाही, त्यामुळे पेशंट बोलायला लागायचे. एका निवृत्त बँक मॅनेजरने त्याला एकदा सांगितलं होतं की तो बायकोला मुळीच घाबरत नाही, तिच्या आईला घाबरतो. ती आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. ब्रदर हे सगळं ऐकून घ्यायचा, हसायचा, आणि मोकळ्या हाताने पेशंटच्या पावलावरची नाडी बघायचा. नाडी जिथे लागेल तिथे पेनाने फुली मारून ठेवायचा, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला शोधत बसायला नको.

असा हा माणूस. कुणाचा पाय निळा पडतोय, कुणाला झोपताना एकाऐवजी तीन उशा लागायला लागल्यात, कुणाच्या घोट्यात बोट दाबलं तर खळगा राहतोय, हे त्याला डॉक्टरांच्या आधी दिसायचं.

अक्का त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि अक्का बावीसची. घराच्या पुढच्या खोलीत आईचं इस्त्रीचं दुकान होतं, ते अक्काने दुसऱ्याच दिवशी उघडलं. लग्नाचं विचारायला माणसं यायची, तेव्हा ती म्हणायची, "माझ्याबरोबर एक मुलगा येईल. सात वर्षांचा आहे, रात्री लाथा मारतो." विचारणारे हसून निघून जायचे. मग तो आठ वर्षांचा झाला, दहाचा झाला, आणि विचारणारे यायचे थांबले. तिने त्याला शिकवलं, नर्सिंगला घातलं, त्याचं लग्न करून दिलं. एकोणतीस वर्षांत तो चुरगळलेला गणवेश घालून कामावर गेला असा एकही दिवस नव्हता, कारण त्याच्या गणवेशाला हात लावायची परवानगी त्यालाच काय, त्याच्या बायकोलाही नव्हती.

अक्का सदुसष्ट वर्षांची असताना एका रविवारी दुपारी ती आडवी झाली. ती दिवसा कधी आडवी व्हायची नाही, म्हणून तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"काय होतंय?"

"पोटात जरा दुखतंय. वय झालं, दुखायला काहीतरी नको का?"

त्याने सवयीने तिच्या पोटावर हात ठेवला. बेंबीच्या वर, जरा डावीकडे, हाताखाली काहीतरी ठोके देत होतं. बारीक माणसाच्या पोटात असे ठोके लागतात, त्यात विशेष काही नसतं. पण त्याने दोन्ही हातांची बोटं त्या जागेच्या दोन बाजूंना ठेवली, तेव्हा प्रत्येक ठोक्याला त्याची बोटं एकमेकांपासून लांब ढकलली जात होती. हे त्याने परक्या पोटांवर कितीतरी वेळा बघितलं होतं.

"गॅस असेल," तो म्हणाला. उठला, न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला.

सोनोग्राफीत माप आलं पाच पूर्णांक चार सेंटीमीटर. हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी मुख्य रक्तवाहिनी, जी दोन सेंटीमीटर रुंद असायला हवी, ती एका जागी फुगली होती. जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगवटा येतो तशी. साडेपाचच्या आसपास गेलं की ऑपरेशन करायचं, असा साधारण हिशेब. ब्रदर अक्काला घेऊन आपल्याच सर्जनकडे गेला. त्यांना सगळे सर म्हणत, आणि ब्रदरने त्यांच्याबरोबर सतरा वर्षं काढली होती.

सरांनी सगळ्या तपासण्या केल्या, आणि मग ब्रदरला एकट्याला आत बोलावलं.

"हिला हार्ट अटॅक कधी आला होता?"

"कधीच नाही, सर."

"आलाय. मोठा आलाय. हृदय चौथा हिस्साच काम करतंय."

म्हणजे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्याच तिला कधीतरी हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि तिने तो ॲसिडिटी म्हणून अंगावर काढला होता. हृदयाचा वॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत. ब्रदरला आठवेना तो दिवस कुठला असेल. एकदा तिला दरदरून घाम आला होता, पण इस्त्रीपाशी घाम यायचाच.

पोट उघडून ऑपरेशन करायचं तर हे हृदय ते सोसणार नव्हतं. मांडीतून जाळीची नळी सरकवून फुगवट्याच्या आत बसवायची तर ती जिथे पकड घेणार, नेमकी तिथेच रक्तवाहिनी काटकोनात वळली होती आणि मूत्रपिंडांच्या फांद्याही तिथूनच फुटत होत्या. सरांनी फोटो दोन मोठ्या हॉस्पिटलांना पाठवले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, फक्त शब्द वेगळे.

"रक्तदाब खाली ठेवायचा," सर म्हणाले. "जड उचलायचं नाही. बाकी तुला काय सांगू?"

अक्काला त्याने सांगितलं, अर्धं खरं, अर्धं सांभाळून. ती ऐकून म्हणाली, "लहानपणी जत्रेत फुग्यासाठी रडले होते, आईने घेऊन दिला नव्हता. आता आतूनच मिळाला."

त्या दिवसापासून घराचा वॉर्ड झाला. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब, रोज वजन, भिंतीवर तक्ता. पाण्याची बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, संडासात जोर करायचा नाही, खोकला आला तर पोटाला उशी धरून खोकायचं. कोळशाची जड इस्त्री त्याने उचलून माळ्यावर टाकली आणि विजेची हलकी आणली. अक्का म्हणाली, ही इस्त्री कपड्यावरून फिरत नाही, कपड्याला गुदगुल्या करते. दुकान बंद कर, असं तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा तिने इस्त्री टेबलावर उभी ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

त्याची बायको ग्रंथालयात काम करायची. ती मितभाषी, पण एकदा जेवताना म्हणाली, "अहो, तुम्ही घरात आल्या आल्या आधी त्यांच्या मनगटाला हात लावता. परवा माझ्याही लावलात. मला नवरा हवाय, ब्रदर नको."

तो हसला. त्याला तरी दुसरं काय येत होतं? जे येत होतं ते सगळं तो करत होता, आणि त्या सगळ्याने त्या फुगवट्याला काहीएक फरक पडत नव्हता, हे घरात त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं. वॉर्डात रक्त वाहायला लागलं की तो हात दाबून धरायचा. ही जागा अशी होती की तिथे हात पोचतच नव्हता.

सहा महिन्यांनी माप पाच पूर्णांक नऊ झालं. त्यानंतर सहा महिन्यांनी सहा पूर्णांक चार. पुढच्या वेळी तो सोनोग्राफीची चिठ्ठी मागायला गेला, तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं.

"आकडा कळला तर तू काय करणार आहेस?"

"काय म्हणजे, सर?"

"सात निघालं तर मी ऑपरेशन करणार नाही. सहाच निघालं तरी करणार नाही. मग तिला जेलीत लोळवून काय मिळवायचं?"

ब्रदर उभाच होता. इतक्या वर्षांत तो सरांना उलटून बोलला नव्हता, आताही बोलला नाही. "बरोबर आहे, सर," असं म्हणून तो बाहेर आला, आणि बरोबर असूनही आठवड्याभरात त्याने सोनोग्राफी करणाऱ्या ओळखीच्या बाईला गाठलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, चिठ्ठी नाही, नोंद नाही. अक्काला सांगितलं, नेहमीचीच तपासणी.

माप आलं सात पूर्णांक एक.

त्या बाईने पडदा त्याच्यापासून वळवला, जणू त्याने बघितलंच नाही. रिक्षात अक्काने विचारलं, "काय म्हणतोय फुगा?"

"तेवढाच आहे."

अक्का रस्त्याकडे बघत म्हणाली, "लहानपणी अंगात ताप असला तरी काही नाही म्हणताना तू असाच आवाज काढायचास. शाळेत जायचं असायचं ना."

त्या आकड्याचं ओझं आता त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसलं. बायकोला सांगता येईना, सरांना तर मुळीच नाही. कामावर असताना घरचा फोन वाजला की हातातली सलाईनची बाटली तशीच राहायची. फोनवर बायको विचारायची, येताना साबण आणता का, आणि तो भिंतीला टेकून "आणतो" म्हणायचा.

काही दिवसांनी एका दुपारी अक्का शर्टांची घडी घालत होती आणि तो स्टुलावर बसून चहा पीत होता. तिने मान वर न करता विचारलं, "फुटला तर कसं होतं रे?"

त्याला वाटलं, गॅस असेल म्हणावं तसं काहीतरी म्हणावं. पण तिने विचारलं होतं ते सरळ विचारलं होतं.

"पाठीत कळ येते. मोठी. मग गरगरतं, घाम येतो. मग शुद्ध जाते."

"किती वेळ चालतं?"

"कधी मिनिटं. कधी तास-दोन तास."

"आणि तुम्ही लोक काय करता?"

"आणतात हॉस्पिटलमध्ये. सगळे धावतात. कपडे कापून काढतात, सुया टोचतात, उघडायचा प्रयत्न करतात."

"कपडे कशाला कापतात?"

"वेळ नसतो, अक्का."

तिने शर्टाची कॉलर बोटाने सरळ केली. "मग मला नेऊ नकोस. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची सुरकुती काढली. माझ्या अंगावरचे कुणी कात्रीने कापलेले मला चालायचे नाहीत. इथेच राहू दे. तू असशील तर बस जवळ, नसशील तर नस. कबूल?"

"हो."

"तोंडदेखलं हो नको."

"हो म्हटलं ना."

त्या वेळी त्याने ते मनापासून म्हटलं होतं. पुढे कितीदा तरी त्याने स्वतःला विचारलं आणि दर वेळी हेच उत्तर आलं, की मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अक्काने पुढच्या खोलीतून हाक मारली. ओरडली नाही. "बाळ, जरा इकडे ये," एवढंच. बाळ ती क्वचितच म्हणायची.

ती टेबलाला दोन्ही हात टेकून उभी होती. "पाठीत आलीय," ती म्हणाली. "तू सांगितली होतीस तशीच आहे."

त्याने तिला धरून खाली सतरंजीवर निजवलं. नाडी पळत होती, बारीक दोऱ्यासारखी. कपाळ ओलं आणि गार. पावलांना हात लावला, तर डाव्या पावलावर नाडी लागेना. बायको आतून आली, तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि दाराशीच थबकली.

आणि त्याने फोन केला.

ठरवून केला असं त्याला म्हणता येत नव्हतं. फोन हातात होता, नंबर लागला होता, आणि तो आपला पत्ता सांगत होता, त्याच स्वच्छ, घाई नसलेल्या आवाजात ज्या आवाजात तो वॉर्डातून डॉक्टरांना बोलवायचा. अक्का सतरंजीवरून त्याच्याकडे बघत होती.

"केलास फोन," ती म्हणाली.

"केला."

"बरं," अक्का म्हणाली. ते ती रागाने म्हणाली की समजून म्हणाली, हे त्याला त्या क्षणीही कळलं नाही आणि नंतरही नाही.

हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स यायला अठरा मिनिटं लागली. ती अठरा मिनिटं तो तिच्याजवळ बसला होता. बायकोने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अक्का मधे मधे बोलत होती. कोपऱ्यातलं गाठोडं डॉक्टरीणबाईंचं आहे, त्यात एक बटण तुटकं आहे ते त्यांचंच आधीपासून तुटलेलं आहे, आपल्यावर यायला नको. एकदा तिने पाणी मागितलं. पाणी द्यायचं नसतं. त्याने बोट ओलं करून तिच्या ओठांवरून फिरवलं.

गाडीतल्या माणसाने तिला आत घेतलं, ऑक्सिजन लावला, छातीवर तारा चिकटवायच्या म्हणून खिशातून कात्री काढली.

"कापू नका," ब्रदर म्हणाला.

"अहो, वेळ..."

"मला माहीत आहे. कापू नका."

तिच्या अंगात समोर बटणं असलेला सुती गाऊन होता, तिने स्वतःच कडक इस्त्री केलेला. त्याने बटणं काढायला सुरुवात केली. आठ बटणं होती. ज्या हाताने त्याने कितीतरी हालत्या माणसांच्या शिरांत पहिल्या फटक्यात सुया घातल्या होत्या, त्या हाताला ती बटणं सुटेनात. गाडीतला माणूस कात्री तशीच धरून थांबला. एक मिनिट गेलं असेल, कदाचित त्याहून थोडं जास्त. अक्काचे डोळे उघडे होते, पण ती बघत होती की नाही कोण जाणे.

हॉस्पिटलच्या दारात सर उभे होते. कुणीतरी वॉर्डातून त्यांना सांगितलं होतं. तोवर अक्काची शुद्ध गेली होती. आतल्या बोळात स्ट्रेचर ढकलत सगळे धावत होते, आणि ब्रदर कठड्याला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या मनगटावर ठेवून पळत होता.

"शेवटचं माप काय होतं?" सरांनी विचारलं.

"सात पूर्णांक एक."

सरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. कधी काढलं, कुणी काढलं, काही विचारलं नाही. "थिएटर तयार आहे," ते म्हणाले. "टेबलावरच जाईल असं मला वाटतं. पण तू म्हणशील तर उघडतो. उघडू?"

या बोळात त्याने शेकडो नातेवाईक असे उभे असलेले पाहिले होते. सर विचारत आणि ते नुसते तोंडाकडे बघत राहत. तो स्वतःच त्यांना सांगायचा, "लवकर सांगा, वेळ नाही." मनात त्याला त्यांचा रागही यायचा, की एवढी साधी गोष्ट, हो की नाही.

त्याने तोंड उघडलं. हो आलं नाही आणि नाहीही आलं नाही. सर थांबले होते, स्ट्रेचर थांबलं होतं, लिफ्टचं दार उघडं धरून कुणीतरी उभं होतं. त्याच्या बोटांखाली नाडी एकदा लागली, मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा, आणि मग लागली नाही. बाकीच्यांना ते यंत्रावर दिसलं, तेव्हा त्याला कळून थोडा वेळ झाला होता.

कुणीतरी छाती दाबायला पुढे झालं. सरांनी हात आडवा धरला. आणि ब्रदरला कुणी काही विचारायचं उरलं नाही.

दुकानात तेवीस गाठोडी राहिली होती. चौथ्या दिवसापासून तो आणि बायको ती पोचवायला लागले. काही ठिकाणी बातमी पोचली होती, काही ठिकाणी दार उघडणारा म्हणायचा, "आज अक्का नाही आल्या?" मग बायको सांगायची. त्याला ते वाक्य जमायचं नाही. एका शाळामास्तरांचा शर्ट अर्धाच झाला होता, एक बाही कडक आणि बाकी चुरगळलेला. बायको म्हणाली, मी करून देते. मास्तर म्हणाले, राहू दे, आणि तो तसाच घेऊन आत गेले.

परत येताना त्याने बायकोला विचारलं, "फोन केला नसता तर ती घरीच गेली असती ना? तिच्या जागी. बोळात नाही."

"हो."

"आणि बटणं काढत बसलो नसतो तर?"

बायको थोडं अंतर चालली. "मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी असते तर मीही फोन केला असता. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मीही केला असता, एवढंच."

महिनाभराने त्याने बदली मागितली. मेट्रनबाईंनी त्याला डोळ्यांच्या वॉर्डात पाठवलं. तिथे माणसं मरत नव्हती, एका डोळ्यावर पट्टी बांधून गप्पा मारत बसत होती. तीन आठवड्यांनी तो आपणहून परत आला. का आलास, असं सरांनी विचारलं नाही आणि त्यालाही सांगता आलं नसतं.

आता तो पूर्वीसारखाच आहे, असं वॉर्डातले म्हणतात. हात तसाच चालतो. फक्त ज्या पेशंटचं ऑपरेशन होण्यासारखं नसतं, त्यांच्या नातेवाइकांपाशी तो हल्ली जरा जास्त वेळ उभा राहतो. आधी तो त्यांना रक्तदाबाचा तक्ता कसा भरायचा ते शिकवायचा. अजूनही शिकवतो, पण शिकवून झाल्यावर लगेच निघत नाही.

परवा एका मुलीने त्याला विचारलं. तिच्या वडिलांच्या पोटात तसाच फुगवटा होता, सहाच्या वर, आणि हृदय तसंच थकलेलं. त्यांनी घरी न्यायला सांगितलं होतं आणि पुन्हा इथे आणायचं नाही अशी तिला शपथ घातली होती.

"ब्रदर, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"फोन केला असता," तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली, पुढे काही सांगेल म्हणून. तोही तसाच उभा राहिला. मग सात नंबरच्या खाटेवरची सलाईन संपत आलेली दिसली, आणि तो तिकडे गेला.